दुभाष्यांचा किनारा

रेवदंड्याहून साळावकडे जाणाऱ्या पुलावर सायंकाळी क्षणभर थांबले, तर कुंडलिकेचे मुख, पलीकडे समुद्रात शिरलेली कोर्लईची डोंगरसोंड आणि पाठीमागे पडक्या तटाआड दाटलेल्या नारळी-पोफळी असा एकच देखावा दृष्टीस पडतो; परंतु या एका देखाव्यात आजवर किती भाषांनी, किती धर्मांनी आणि किती मापांनी देवघेव केली, याचा हिशेब मांडू गेल्यास दप्तरे पुरावयाची नाहीत. अरब आले, हबशी आले, फिरंगी आले, टोपीकर इंग्रज आले. आणि हे सर्व येण्याच्या आधीपासून येथे कोळी होता, आगरी होता, कातकरी होता, ज्यांचे एकमेकांशी वागणेही काही सर्वस्वी सारखे नव्हते.

हल्ली मोठ्या कंपन्यांतून परदेशी पाठवावयाच्या माणसांसाठी सांस्कृतिक भिन्नतेचे वर्ग भरतात. या विद्येचे एक मूळ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील अधिकाऱ्यांना परमुलखी पाठविण्यापूर्वी शिकविण्याचे काम एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने काही वर्षे केले, आणि वेळ, अंतर व मौन यांचीही प्रत्येक समाजात निराळी भाषा असते, हे त्याचे प्रतिपादन 1959 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे गेर्ट होफस्टेड या डच संशोधकाने आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या नोकरांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे, 1980 साली, राष्ट्राराष्ट्रांच्या स्वभावाला गुण देण्याची पद्धत मांडली. वरिष्ठाचा अधिकार निमूटपणे मान्य करण्याच्या वृत्तीत तीत भारताच्या वाट्याला 77 गुण आले आहेत. हा आकडा वाचला की मला अलिबागचा मासळीबाजार आठवतो. पापलेटाच्या वाट्याचा दर निम्म्यावर पाडून मागणाऱ्या एखाद्या बड्या साहेबाला तेथील कोळीण ज्या शब्दांत वाटेला लावते, ते ऐकल्यावर हे 77 गुण तिच्या नावावर कोणी जमा केले असावेत, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

राष्ट्राला एक आकडा देण्याची ही रीत सोयीची असेल, परंतु या किनाऱ्याचा इतिहास चाळताना मला निराळीच गोष्ट पुनःपुन्हा भेटत गेली आहे. येथे भिन्नता कोणी मोजीत बसले नाही. ती पुसून टाकण्याचा उद्योगही, पोर्तुगीजांचा अपवाद सोडला तर, फार नेटाने झाला नाही. दोन्हीकडची मापे जाणणारा एक मनुष्य मध्ये उभा केला आणि त्याच्या भरवशावर व्यवहार पुढे ढकलला, असेच बहुतेक वेळी घडले. हा मधला मनुष्य कधी वकील होता, कधी काजी, कधी नुसता ओळखीचा सौदागर. आणि त्याच्यावाचून काय झाले असते, हेही मधूनमधून दिसते.

इ. स. 916च्या सुमारास अल् मसूदी हा अरब इतिहासकार आजच्या चौलास उतरला. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांचा अंमल होता, आणि मसूदीच्या लेखी या एका गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे आणि बगदादचे, तर कोणी येथेच जन्मलेले. राजा हिंदू, प्रजेतील एवढा मोठा व्यापारी समाज परधर्मी, त्यांचे कज्जे निराळे, वारसाहक्काचे नियम निराळे. यावर राजाने योजलेली तोड अशी की, त्याच समाजातील एका प्रतिष्ठित गृहस्थास त्यांचा मुख्य नेमावयाचे. त्यास हुनरमान म्हणत, आणि मुसलमानांचे आपापसांतील तंटे तो त्यांच्या शास्त्राप्रमाणे तोडी. परक्यांचा कायदा शिकण्याची तसदी दरबाराने घेतली नाही. तो जाणणारा माणूस मात्र आपल्या सनदेने बांधून ठेवला.

हे छत्र ज्याला नव्हते त्याचीही गत पाहण्यासारखी आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील अफनासी निकितीन हा व्यापारी, विकावयाचा एक घोडा घेऊन, याच चौलास उतरला; त्याच्या गोऱ्या वर्णाचे नवल वाटून लोक त्याच्या मागोमाग फिरत, असे त्याने लिहून ठेवले आहे. घाट चढून तो जुन्नरास गेला, तेव्हा तेथील खानाने घोडा जप्त केला आणि हा मुसलमान नव्हे असे कळताच, धर्म बदललास तर घोडा व वर हजार मोहरा देतो, न बदललास तर घोडाही जाईल व हजार मोहरा दंडही पडेल, असा निर्वाणीचा निरोप देऊन चार दिवसांची मुदत दिली. निकितीनला सोडविले ते मुहम्मद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने. तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा परत आणून दिला. खुरासानी मनुष्य म्हणजे खानाच्या धर्माचा, पण परदेशी म्हणून निकितीनच्या अडचणीचा जाणकार, अर्थात दोन्हीकडचा. असा माणूस वेळेवर भेटला नसता, तर त्या प्रवासवृत्तांताची पुढची पाने कदाचित लिहिलीच गेली नसती.

परंतु या किनाऱ्यावरील परस्परभिन्न रीतींच्या गाठीभेटींत सर्वांत तपशीलवार नोंदलेली गाठ म्हणजे 1674 सालची हेन्री ऑक्झिंडेनची वकिली होय. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक जवळ आला होता, इंग्रजांना राजापूरच्या लुटलेल्या वखारीची नुकसानभरपाई हवी होती आणि महाराजांच्या मुलखात व्यापाराची मोकळीकही हवी होती. म्हणून मे महिन्याच्या मध्यास ऑक्झिंडेन दोन सहकाऱ्यांसह मुंबईहून तरांड्यात बसला. पहिलाच मुक्काम मोठा सूचक झाला. रात्री पोर्तुगीजांच्या चौलास पोहोचावयास उशीर झाला, वेशी बंद होऊन पहारे बसले होते, तेव्हा या मंडळींना तटाबाहेरच्या एका लहानशा चर्चमध्ये रात्र काढावी लागली. ख्रिस्ती वकिलांना ख्रिस्ती शहराने दार उघडले नाही. तेथून कुंडलिकेच्या खाडीने अष्टमी, पुढे निजामपूर आणि मग रायगडच्या पायथ्याचे पाचाड, असा प्रवास झाला. आणि पाचाडास आल्यावर कळले की महाराज भवानीच्या दर्शनास प्रतापगडी गेले आहेत, तेव्हा थांबावे लागेल. ज्या माणसांना वखारीच्या वहीत प्रत्येक दिवसाचा खर्च टिपावयाची सवय होती, त्यांना देवदर्शनासाठी थांबलेला राजकारभार कसा दिसला असेल, याची कल्पना करता येते.

या वकिलीत मधला माणूस होता नारायण शेणवी. हा इंग्रजांच्या चाकरीतला दुभाषी. आधीच एकदा रायगडी जाऊन बोलणी करून आलेला. दरबाराच्या बाजूने त्याचा जोडीदार म्हणजे निराजीपंत. निराजीपंतांनी इंग्रजांना जी पहिली मसलत दिली ती नजराण्याविषयी होती: राजाला नजर करून भागणार नाही, प्रमुख मंत्र्यांना आणि दप्तरातल्या अधिकाऱ्यांनाही ज्याच्या-त्याच्या पायरीप्रमाणे काही पोहोचले पाहिजे. आजचा वाचक येथे चटकन ‘लाच’ हा शब्द उच्चारील. मला तो तितकासा जुळत नाही. नजराणा उघड दिला जाई, त्याची नोंद होई, उलट बाजूने पोशाख मिळे, आणि कोणाला काय मिळावे हे त्याच्या हुद्द्यावरून ठरे. ज्या राज्यात वकिलातीची फी नव्हती, तेथे ते मान राखण्याचे चलन होते. इंग्रजांनी यादी करून तसेच केले आणि त्या यादीचा खर्च कंपनीच्या हिशेबात लिहिला.

राज्याभिषेकाच्या दिवशी, 6 जूनला सकाळी, ऑक्झिंडेन दरबारात गेला आणि सिंहासनापासून दूर उभे राहून त्याने लवून मुजरा केला. एवढ्या गर्दीत महाराजांचे लक्ष आपल्याकडे कसे जावे? नारायण शेणव्याने नजर करावयाची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरली. महाराजांची दृष्टी गेली, त्यांनी मंडळींना सिंहासनाच्या पायरीपाशी बोलाविले. सिंहासनाच्या दोहों बाजूंस भाल्यांच्या टोकांवर त्यांनी काय काय पाहिले तेही त्यांनी टिपले: सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांची पुच्छे आणि सोन्याचा तराजू. तराजू हे न्यायाचे चिन्ह, हे त्यांना कळण्यास कोणाच्या मदतीची गरज पडली नसावी. व्यापाऱ्याला तराजू सर्वत्र ओळखता येतो.

जेवणाच्या बाबतीत मात्र तराजू फारच निराळे निघाले. गडावर खिचडी व तूप हा रोजचा आहार, मांस जवळजवळ नाहीच. इंग्रजांनी त्याविषयी खाटकाकडे मागणी केली, तेव्हा जो वृद्ध खाटीक गडावरील मोजक्या मुसलमानांपुरते मांस पुरवी, तो केवळ हे अघोरी भक्षक कोण आहेत हे डोळ्यांनी पाहण्यासाठी गड चढून आला, अशी हकीगत डॉक्टर जॉन फ्रायर याने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. आजवर इतक्या वर्षांत खपले नाही इतके मांस थोड्याच दिवसांत हे खाऊन बसले, याचा त्याला विस्मय वाटला. मला या प्रसंगात सर्वांत आवडतो तो म्हातारा; राजकारणाशी काही संबंध नसताना, केवळ कुतूहलापोटी रायगड चढणारा.

आता मुख्य तहनामा. इंग्रजांनी वीस कलमांचा मसुदा आणला होता, आणि त्यातील दोन कलमांवर जे बोलणे झाले, त्यात दोन संस्कृतींचे अंतरंग स्वच्छ दिसते. इंग्रजांची मागणी होती की मुंबईस पाडलेले त्यांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. उत्तर मिळाले की नाण्याला मनाई नाही, पण ते घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही; मोगलांच्या नाण्यासारखे त्याचे सोने-रुपे चोख असेल तर ते आपोआप चालेल. इंग्रजांच्या लेखी नाणे म्हणजे सत्तेचा हुकूम. येथे मात्र ते सराफाच्या कसोटीवर उतरावयाची वस्तू.

दुसरे कलम फुटलेल्या गलबतांविषयी होते. वादळाने किनाऱ्यास लागलेले जहाज व त्यातील माल धन्याला परत मिळावा, अशी इंग्रजांची विनंती. महाराजांकडून नकार आला: किनाऱ्यास लागलेला माल सरकारचा, ही कोकणची फार जुनी वहिवाट आहे, ती इंग्रजांसाठी मोडली तर उद्या फ्रेंच येतील, डच येतील, सर्वांना तीच सवलत द्यावी लागेल, माणसांचा मात्र सांभाळ होईल, त्यांना आश्रय मिळेल. इंग्रजी लेखकांनी याची नोंद करताना एक प्रकारचे रानटीपण सूचित केले आहे, आणि येथेच इतिहासाची खरी गंमत आहे. कारण खुद्द इंग्लंडात, 1275 सालच्या कायद्याने, फुटलेल्या जहाजातून माणूस, कुत्रा अथवा मांजर यांपैकी एकही जिवंत निसटले नाही तर माल राजाचा, आणि निसटले तर वर्ष व एक दिवस तो धन्यासाठी राखून ठेवावयाचा, असाच नियम होता. म्हणजे दोन्हीकडे मूळ तत्त्व एकच, मध्ये अंतर फक्त एका मांजराचे. आणि दोन्ही पक्ष, आपापला कायदा हाच स्वाभाविक असे समजून, समोरच्याच्या चालीला चाल म्हणत होते.

नुकसानभरपाईचा जो तोडगा निघाला तो तर कोणत्याही व्यापारी शाळेत शिकवावा असा आहे. दहा हजार होन द्यावयाचे ठरले, पण रोख नव्हे. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल घ्यावा आणि निम्मीच किंमत द्यावी. यात साडेसात हजार फिटले. उरलेले अडीच हजार राजापुरास वखार पुन्हा घातल्यावर त्यांच्या मालावरील जकातीतून वळते करून घ्यावे. भरपाई मिळाली म्हणून इंग्रज संतुष्ट, खजिन्यातून एक होन न जाता मुलखातील माल खपला आणि वखार परत येण्याची हमी मिळाली म्हणून महाराजही संतुष्ट. ‘नुकसानभरपाई’ हा एकच शब्द दोन हिशेबी वह्यांत दोन निराळ्या खात्यांवर लिहिला गेला, आणि दोन्ही ठिकाणी बरोबर बसला. जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करावा ही इंग्रजांची गळ मात्र महाराजांनी मानली नाही. ज्या प्रश्नाला दोन वह्या पुरत नाहीत असेही प्रश्न असतात. मुरूडजवळच्या पाण्यात जंजिरा अजून तसाच उभा आहे.

बोलण्याच्या रीतीविषयी थोडे सांगावयास हवे, कारण तहनामे रोज होत नाहीत आणि बोलावे मात्र रोज लागते. हॉलने पुढे एका ग्रंथात असा भेद केला की काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत तो शब्दांच्या भोवतालच्या परिस्थितीत. कोकणातला मनुष्य दुसऱ्या प्रकारचा म्हणावयास हरकत नाही. माझे एक मुंबईकर स्नेही नागावकडे वाडी घेण्याच्या खटपटीत होते. वाडीचे मालक असलेल्या आजोबांनी त्यांचा चहापाण्याने सत्कार केला, नारळाची झाडे दाखविली, विहिरीचे पाणी पाजले, आणि किमतीची गोष्ट निघताच, “बघू, गणपती होऊन जाऊ देत, मग बोलू,” असे म्हणाले. माझे स्नेही गणपतीनंतर वकील व इसाऱ्याची रक्कम घेऊन दारात हजर. आजोबा घरी नाहीत. पुन्हा गेले; आजोबा रोह्याला गेलेले. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांची कीव करून सांगितले, “अहो, तुम्हांला ते पहिल्याच दिवशी नाही म्हणाले की!” आजोबांनी खोटे सांगितले नव्हते. दारी आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर नकार फेकणे त्यांच्या घरात बसत नव्हते, आणि गणपतीचे नाव घेतले म्हणजे शहाण्याने ओळखावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दुकानदार नसता तर माझे स्नेही दिवाळीतही गेले असते.

व्यवहाराला वेळ असते आणि वेळेलाही धर्म असतो, हे या किनाऱ्यावर ज्यांच्या नावातच कोरले गेले ते लोक म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्यांच्या परंपरेप्रमाणे, गलबत फुटून वाचलेले सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्यास लागली, आणि बुडालेल्यांना जेथे पुरले ती जागा नवगावात आजही दाखवितात. पिढ्यान् पिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागला. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्याच मुलखात ‘सोमवार तेली’ही होते, जे शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा जुंपीत नसत. तेव्हा आठवड्यात एक दिवस काम न करणारा तेली ही गावाच्या दृष्टीने अपूर्व गोष्ट नव्हतीच. याचा वार अमुक, त्याचा तमुक, एवढाच फरक. गृहिणीने तेल कधी भरून ठेवावयाचे ते लक्षात ठेवले की झाले. जगात अन्यत्र ज्या शब्बाथपायी ज्यूंना छळ सोसावा लागला, तो येथे व्रतवैकल्यांच्या ओळीत सहज जाऊन बसला. गावावरून आडनावे पडली, नवगावकर, चौलकर, दिवेकर, राजपूरकर, किहीमकर. मराठी हीच मातृभाषा झाली. आणि त्यांच्यातले तंटे तोडणाऱ्या व धर्मकृत्ये चालविणाऱ्यास ‘काजी’ हे मुसलमानी पदनाम मिळाले, ज्यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

मात्र मूळ धर्मग्रंथांशी संबंध तुटला होता. ‘शेमा’ ही एक प्रार्थना, खतना, शनिवार आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध एवढेच उरले होते. डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू गृहस्थाने यांची परीक्षा पाहिली, ती कथा प्रत्येक बेने इस्राएल घरात सांगतात. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवून ती रांधावयास सांगितले. त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी उचलली आणि बाकीची बाजूस सारली. पोथी विसरली होती, हात विसरले नव्हते. त्या राहबीचा काळ कोणता याविषयी विद्वानांत वाद आहे आणि तो वाद मिटेलसे दिसत नाही. पण ज्ञान पुस्तकाबाहेरही किती काळ तग धरते, याचा याहून नेमका दाखला मला ठाऊक नाही. चूल आणि मासळीची पाटी हीच तेथे शाळा होती.

पुस्तकी विद्या आली ती कोचीनच्या ज्यूंकडून आणि, मोठ्या नवलाची गोष्ट, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. अमेरिकन मिशनने शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहून छापली. हेतू अर्थातच उघड होता: यांना जुना करार वाचता आला म्हणजे हे नव्या कराराकडे वळतील. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतली, इंग्रजीही घेतली, आणि अधिक पक्के ज्यू होऊन घरी गेले. रेवदंड्याचे प्रार्थनामंदिर 1842 साली आणि अलिबागचे 1848 साली उभे राहिले. पेसाह या सणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा ही पोथी मराठी अर्थासह निघू लागली. 1874 साली पुण्यात छापलेल्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या आहेत. शिकविणारा एका हेतूने शिकवितो आणि शिकणारा भलत्याच गरजेने शिकतो, असे शाळाखात्याच्या अहवालात कोठे लिहिलेले आढळत नाही, पण विद्यार्जनाचा बराचसा इतिहास हाच आहे.

हेच लोक 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, आणि ज्या नवगावात त्यांचे निराळेपण कोणाला खुपले नव्हते, ते तेथे खुपले. तेथील धर्मपीठाने 1962 साली फर्मान काढले की बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी झाल्यावाचून इतर ज्यूंशी त्यांची लग्ने नोंदू नयेत. चळवळ झाली, निदर्शने झाली आणि 1964 साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य करण्यात आले. तेलाच्या घाण्याला जी गोष्ट सोपी गेली ती धर्मपीठाला अवघड गेली.

कुंडलिकेच्या दक्षिण तीरावरील कोर्लईची कथा याहून वेगळी, कारण येथे मधला माणूस म्हणजे एक भाषाच होय. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात चौलास ठाणे घातले, धर्मांतरे केली, आणि 1740 साली तह होऊन ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. गोरे गेले, त्यांच्या शिपायांच्या, चाकरांच्या आणि बाटलेल्या रयतेच्या वंशजांची एक वस्ती मात्र डोंगराच्या पायथ्याशी राहिली, आणि ती आजही पोर्तुगीजातून उद्भवलेली एक बोली बोलते. बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात; संख्या हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर 1996 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांनी दाखविलेली एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. पोर्तुगीजात क्रियापद कर्माच्या आधी येते, मराठीत शेवटी. आणि ही बोली, शब्द पोर्तुगीज ठेवून, हळूहळू क्रियापद शेवटी नेऊ लागली आहे. माप परदेशचे राहिले, मोजण्याची रीत कोकणची झाली. चर्चमधील उपासना पूर्वी पोर्तुगीज धर्मगुरूंच्या हाती होती. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर ती मराठीत होऊ लागली. शाळाही मराठी. तेव्हा कोर्लईचे मूल घरात नोलिंग बोलते, वर्गात मराठी वाचते आणि देवापुढेही मराठीतच गुडघे टेकते. अशा मुलाला पहिलीच्या वर्गात ‘मंद’ ठरविणे किती सोपे आहे! ते मुळात दोन व्याकरणे एकदम उचलीत असते, हे त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहावयास रकाना नसतो.

कातकऱ्यांच्या मुलांची अडचण याहूनही साधी आणि याहूनही कठीण आहे. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर अथवा कोळसा पाडावयास जातात, मूल बरोबर जाते, आणि शाळेचे वर्ष नेमके त्याच महिन्यांत भर घेते. येथे भाषेचा दुभाषी मिळून भागत नाही. दिनदर्शिकेलाच दुभाषी हवा.

उत्तरेकडे, उरणच्या बाजूस, भिन्नतेचा हिशेब रक्तात लिहिला गेला. नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. सरकारी मोजणीत जमीन म्हणजे क्षेत्रफळ गुणिले दर. आगऱ्याच्या मोजणीत त्याच जमिनीत खारबांधावरचे भात, मिठागर, बांधाकडेच्या पाण्यातली निवटी-कोळंबी, आणि पुढच्या पिढीचे पोट, एवढे सर्व होते, आणि त्याला सातबाराच्या उताऱ्यावर जागा नव्हती. जानेवारी 1984 मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी मृत्यू पावले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे जासईचे, वकिलीचे शिक्षण घेतलेले. बांधावरची भाषा जन्माने आणि कायद्याची भाषा अभ्यासाने अवगत असलेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धन्यास परत देण्याची जी योजना पुढे आली, ती या दोन भाषांच्या मधली ओळ आहे. ती पुरेशी होती असे उरणात कोणी म्हणणार नाही. परंतु रोकड एकदा देऊन खाते बंद करण्याऐवजी, जमिनीच्या वाढत्या किमतीत मूळ धन्याचा अंश चालू राहावा, हे तत्त्व तीत मान्य झाले. आणि त्याच परिसरात 1989 साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरात आज देशोदेशीची जहाजे लागतात, तेव्हा मसूदीच्या सैमूरची आठवण होते. हुनरमान कोण, हा प्रश्न मात्र तेथे अजून मिटलेला नाही.

शेवटी कोळ्यांच्या वहीतले एक पान. पावसाळ्यात मासळीच्या विणीचा काळ म्हणून दर्यावर जावयाचे नाही, आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या लोटावयाच्या, ही कोळीवाड्याची चाल. सरकारनेही पावसाळी मासेमारीला बंदी घातली तेव्हा राज्याचा जुना नियम मोठा शहाणा होता: 10 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. सरकारी कलमात तिथी आणि तारीख एका वाक्यात शेजारी-शेजारी बसलेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत. पुढे सबंध पश्चिम किनाऱ्याला एकच माप असावे म्हणून 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मुदत आली, आणि पौर्णिमा नियमातून गळाली. आता यंत्राच्या होड्या 1 ऑगस्टला सुटतात. ज्या वर्षी अधिक मास पडून श्रावणी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस जाते, त्या वर्षी कोळीवाड्यातून वाजतगाजत नारळ निघतो तेव्हा महिनाभराची मासळी बर्फात बसून मुंबईच्या बाजारात विकलेली असते. मिरवणुकीत पुढे चालणारे म्हातारे तांडेल त्याविषयी काही बोलत नाहीत. गुडघाभर पाण्यात जातात, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ सोडतात, आणि लाट तो पुन्हा किनाऱ्याकडे आणते आहे का, ते थोडा वेळ पाहत उभे राहतात.